गाण्यांआडचा लिंगोबा

‘जैत रे जैत’मधलं एकही गाणं कानावर पडलेलं नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. तो चित्रपट श्रेयनामावलीपासून शेवटापर्यंत सलग पाहिलेला माणूस मात्र खरोखरच शोधावा लागतो. १९७७ सालच्या या चित्रपटाची गाणी केव्हाच त्याच्यापासून सुटी झाली. ती शाळांच्या स्नेहसंमेलनांत गेली, वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत गेली, वाहिन्यांवरच्या स्पर्धांत हमखास टाळ्या मिळवणारी गाणी म्हणून गेली. मागे उरला तो आतल्या आत खदखदणारा एक चित्रपट. त्याचा नायक ठाकर आदिवासी आहे, ढोल वाजवणारा आहे, आणि त्याला एकच गोष्ट छळते आहे. पुण्य नावाचं काही असतं का, आणि असलं तर ते माणसाच्या कधी कामी येतं का?

त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल यांचं नाव निघालं की लोक ‘सामना’ (१९७५), ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) यांच्यावर भरभरून बोलतात. सत्ता, साखर कारखाने, मंत्रालय, बाईचं घराबाहेर पडणं हे विषय चर्चेला सोयीचे आहेत. ‘जैत रे जैत’ त्या रांगेत उभा असतो, पण ‘काय गाणी आहेत!’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. राष्ट्रीय पुरस्कारांत १९७७ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरलेल्या या कलाकृतीवर हा अन्यायच आहे. त्या दशकात मराठी पडद्यावर माणसाच्या मनात इतकं खोल उतरण्याचं धाडस फार थोड्यांनी केलं, आणि ते धाडस एका आदिवासी माणसाच्या मनाबाबत तर जवळजवळ कुणीच केलं नाही.

हा चित्रपट पाहायची योग्य जागा कोणती, असं विचारलं तर उत्तर कर्जत आणि खालापूर असं द्यावं लागेल. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावण्यासाठी कर्जतला थांबावं लागतं. तेवढ्या वेळात फलाटावर वडे विकले जातात, चहा होतो, आणि गाडी पळसदरी मागे टाकून बोरघाटात शिरते. मग बोगद्यांच्या मधल्या उजेडात पाट्या येतात: जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ. १८६३ पासून हा घाट रेल्वेने चढला जातो आहे आणि इतक्या पिढ्यांच्या प्रवाशांनी ‘ठाकूरवाडी’ हे नाव खिडकीतून वाचलं आहे. तिथे वाडी आहे, वाडीत माणसं आहेत, त्या माणसांना देव, कर्ज, प्रेम आणि मरण आहे, हे मात्र पाटी वाचून कळत नाही.

रायगडच्या या आतल्या पट्ट्यात समुद्र नाही. इथे उल्हास आणि पाताळगंगा यांची खोरी आहेत, भाताची खाचरं आहेत, आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. त्या भिंतीच्या पायथ्याला आणि सोंडांवर ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या आहेत. ठाकरांत म ठाकूर आणि क ठाकूर असे दोन मुख्य भेद आहेत. ल. ना. चापेकर यांनी या समाजावर ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ हा इंग्रजी ग्रंथ १९६० साली लिहिला. चालीरीती, लग्नं, देव, शेती यांची त्यात नोंद आहे. अशा ग्रंथांतून समाज कळतो, पण रात्री जागा असलेला एकटा माणूस कळत नाही. त्याच्यापर्यंत जायला गो. नी. दांडेकरांसारखा कादंबरीकार लागला.

गोनीदा तळेगावला राहायचे. सह्याद्रीचे कडे, गड आणि तिथली माणसं हा त्यांच्या लेखनाचा प्राण होता. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर ते आयुष्यभर हिंडले. ‘माचीवरला बुधा’ ही त्यांची कादंबरी राजमाचीवर घडते, आणि त्या राजमाचीचा एक रस्ता कर्जतच्या बाजूने, कोंडाण्याच्या लेण्यांवरून चढतो. ‘जैत रे जैत’ ही त्यांचीच कादंबरी. उषा मंगेशकर यांनी त्यावरच्या चित्रपटाची निर्मिती केली. ना. धों. महानोर यांनी गीतं लिहिली, हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीत दिलं. मोहन आगाशे नाग्या झाले आणि स्मिता पाटील चिंधी झाल्या. सोबत निळू फुले आणि सुलभा देशपांडे यांच्यासारखे कसलेले नट होते.

कथा थोडक्यात सांगता येते, आणि ती सांगितल्याने चित्रपटाचं काही बिघडत नाही. नाग्याला पुण्यवंत व्हायचं आहे. त्याची श्रद्धा साधी आणि सरळ आहे: माणूस नीट वागला की देव नीट वागतो. वाडीच्या डोक्यावर लिंगोबाचा डोंगर आहे, त्याच्या कड्याला आग्या मोहोळाची पोळी लटकलेली आहेत आणि त्या माश्या देवाच्या आहेत. एके दिवशी राणी माशी नाग्याच्या डोळ्यात डसते आणि तो डोळा जातो. इथून चित्रपट खरा सुरू होतो. कारण नाग्याला डोळ्यापेक्षा प्रश्नच जास्त दुखतो. आपण कुठलं पाप केलं? काहीच केलं नसेल, तर हा हिशेब कुठला? आणि हिशेबच नसेल, तर इतके दिवस आपण कुणापुढे हात जोडत होतो? तो ठरवतो की ही पोळी उतरवायची. त्याच्या या वेडात साथ द्यायला एकच माणूस उभं राहतं, चिंधी. शेवटी नाग्या जिंकतो, जयघोष होतो, आणि त्याच माश्यांच्या डंखांनी चिंधी मरते.

त्या काळातल्या इतर चित्रपटांशेजारी हा ठेवून पाहावा. मृणाल सेन यांचा ‘मृगया’ १९७६ चा. त्यात आदिवासी शिकारी आहे, सावकार आहे, गोरा साहेब आहे, आणि न्यायाचा सवाल आहे. गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ १९८० चा. विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेला तिथला आदिवासी आरोपी जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर गप्प राहतो, आणि त्याचं गप्प राहणं हेच व्यवस्थेवरचं आरोपपत्र होतं. दोन्ही मोठे चित्रपट आहेत. पण दोन्हींत आदिवासी माणूस कुणीतरी केलेल्या अन्यायाच्या प्रकाशातच दिसतो. नाग्याचं तसं नाही. त्याचं भांडण सावकाराशी नाही, सरकारशी नाही. ते थेट देवाशी आहे. ज्याला कुणी प्रश्न विचारण्याची पायरी देत नाही, त्या माणसाला या चित्रपटाने सर्वांत मोठा प्रश्न विचारू दिला. त्याच्या दारिद्र्याबद्दल कळवळा दाखवण्यापेक्षा ही गोष्ट फार वरच्या दर्जाची आहे.

मधमाश्यांचं शास्त्र इथे थोडं बाजूला ठेवावं लागतं. राणी माशी पोळं सोडून माणसावर चाल करून येत नाही. तिची नांगी असते ती प्रतिस्पर्धी राणीसाठी. झुंडीने तुटून पडतात त्या कामकरी माश्या. तरीही कथेत राणीच डसायला हवी होती. कामकरी माशी डसली असती तर तो अपघात ठरला असता. राणी डसली म्हणून त्याला हेतू आला, आणि हेतू आला म्हणून नाग्याला जाब विचारता आला. गोष्ट सांगणाऱ्याने इथे निसर्गाचा नियम मोडला आणि मनाचा नियम पाळला.

आग्या मोहोळ ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना नाग्याच्या वेडाची किंमत अधिक कळेल. हे पोळं ढोलीत किंवा बिळात नसतं. कड्याच्या पोटाला, उघड्यावर, एकेरी आणि हातभर रुंद असं ते लटकतं. मेणाचा भाग दिसतच नाही, कारण माश्यांचे थर त्याच्यावर दाटून बसलेले असतात. कुणी जवळ आलं की त्या थरावरून एक लाट सरकत जाते, वरपासून खालपर्यंत, चमकत. तो पहिला इशारा. एक माशी डसली की तिच्या नांगीबरोबर सुटणाऱ्या वासाने बाकीच्या चवताळतात आणि त्याच जागेवर तुटून पडतात. म्हणून मध काढणारे अंधारी रात्र निवडतात. ओल्या पाल्याचा धूर करतात. कड्यावरून दोर सोडतात, आणि दोर धरायला वर जो बसतो तो पूर्ण भरवशाचा असावा लागतो, कारण खाली लटकलेल्याचा जीव त्याच्या मुठीत असतो. एवढं करून पोळं उतरवलं तरी हंगाम सरला की माश्या निघून जातात आणि पुढच्या खेपेला थवे पुन्हा त्याच कड्याला येऊन लागतात. नाग्याने जिंकलेल्या लढाईकडे हे लक्षात ठेवून पाहिलं की तिचं मोल आणखी बोचतं.

कादंबरीतला लिंगोबा मनात धरून कर्जत-खालापुरात हिंडलं तर तो कुठल्याही दिशेला दिसतो. इर्शाळगडाचा सुळका आहे, पेब आहे, कोथळीगडाचा शंकू आहे, ज्याच्या पोटातून पायऱ्या कोरून वर नेल्या आहेत. पण सगळ्यांत नेमका दिसतो तो ढाकचा बहिरी. कर्जतकडून सांडशीवरून, किंवा घाटमाथ्यावरच्या जांभिवलीकडून तिथे जाता येतं. शेजारी कळकराईचा सुळका आहे. दोन कड्यांमधल्या नाळेत उतरायचं, मग उजव्या हाताला उभा कातळ. कातळात खोबण्या आहेत, एका ठिकाणी खाचा पाडलेलं झाडाचं खोड लावलेलं असतं, दोर असतो, आणि खाली नजर टाकली की पोटात गोळा येतो. वर गुहा आहे, तिला इथले लोक गडद म्हणतात. त्या गडदेत बहिरी बसलेला आहे, शेंदूर माखलेला. पाण्याची टाकी आहेत आणि त्या पाण्यात भांडी ठेवलेली असतात. ज्याला देवाचा नैवेद्य रांधायचा त्याने ती घ्यावीत, घासून परत ठेवावीत. ती भांडी कुणी पळवून नेत नाही. देव कड्यावर राहतो, पण भांडी आणि पाणी माणसांसाठी ठेवतो, असा हा व्यवहार आहे. ठाकरांच्या या देवाकडे जाताना पाय थरथरतात, आणि पोचल्यावर तिथेच बसून भात शिजवता येतो. भय आणि घरोबा यांचं हे नातं कळलं की नाग्या लिंगोबावर का चिडतो तेही कळतं. परक्यावर माणूस इतका चिडत नाही.

जब्बार पटेल पेशाने बालरोगतज्ज्ञ आणि मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. दोघंही पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीचे. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचं दिग्दर्शन पटेलांनी केलं आणि त्यात आगाशे नाना फडणवीस झाले. नानांची ती सत्तेची गुर्मी डोळ्यांसमोर ठेवून पाच वर्षांनंतरचा नाग्या पाहावा. एकाच नटाच्या अंगात दोन इतकी वेगळी शरीरं कशी राहतात याचं नवल वाटतं. नाग्याची मान थोडी पुढे झुकलेली, पाऊल जमीन चाचपणारं. डोळा गेल्यावर उरलेल्या डोळ्याने तो जग पाहत नाही, फक्त डोंगर पाहतो. ध्यास माणसाला हळूहळू कसा गिळतो हे आगाशे आवाज न चढवता दाखवतात. मनाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने ही भूमिका केली, हे पाहताना सतत जाणवतं.

आणि चिंधी. १९७७ हे स्मिता पाटील यांचं विलक्षण वर्ष होतं. ‘भूमिका’ त्याच वर्षीचा आणि त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साहजिकच लोकांच्या लक्षात ‘भूमिका’ राहिला. पण चिंधी ही त्यांची सर्वांत मोकळी भूमिका असावी. नवरा कुचकामी आहे, म्हणून ती त्याला सोडते. त्यासाठी ती रडत नाही, भाषण करत नाही, कुणाची परवानगी मागत नाही. ठाकरांत बाईला नवरा सोडता येतो. जमातीच्या रीतीने देजाचा हिशेब करावा लागतो, पंचांसमोर बोलावं लागतं, पण काडीमोड म्हणजे कलंक नाही. पाच वर्षांनी याच दिग्दर्शकाच्या ‘उंबरठा’त याच अभिनेत्रीने सुलभा महाजन उभी केली. शिकलेली, चांगल्या घरातली सुलभा घराबाहेर पाऊल टाकते तेव्हा सगळा चित्रपट त्या एका पावलाचं वजन करत बसतो. चिंधीचं पाऊल केव्हाच पडून गेलेलं असतं. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले तर शहरी मध्यमवर्गाच्या सुधारणेबद्दलच्या अभिमानाला चांगलाच धक्का बसतो.

चिंधीची कंबर कसलेली, चाल झपाट्याची, बोलणं तोडून टाकणारं. नाग्याच्या मनात पाप-पुण्याचा कल्लोळ चालू असताना ती मात्र पूर्णपणे जमिनीवर असते. तिला देवाशी हिशेब करायचा नाही. तिला हा माणूस हवा आहे आणि हा माणूस ज्या डोंगरावर जाईल त्या डोंगरावर तिला जायचं आहे. म्हणून शेवट असह्य होतो. लढाई नाग्याची असते आणि किंमत तिने मोजलेली असते. पटेल या जागी कुठलाही निवाडा देत नाहीत. देवाने सूड घेतला असंही म्हणत नाहीत, केवळ योगायोग होता असंही म्हणत नाहीत. प्रश्न जिथून सुटला होता तिथेच, जास्त जड होऊन, परत येतो.

आता गाण्यांकडे वळायला हवं, कारण गाण्यांनी या चित्रपटाला जगवलंही आणि झाकूनही टाकलं. डझनाहून अधिक गाणी आहेत. लता मंगेशकर, आशा भोसले, आणि त्यांच्या बरोबरीने रवींद्र साठे व चंद्रकांत काळे. शेवटचे दोघं ‘घाशीराम’मधले. तिथे गाणाऱ्या, नाचणाऱ्या माणसांची भिंत कथा पुढे न्यायची, कधी झाकायची, कधी उघडी करायची. ‘जैत रे जैत’मध्ये तीच पद्धत डोंगरावर आली. इथली गाणी गोष्ट थांबवून येत नाहीत. वाडी जे मोठ्याने बोलत नाही ते गाणी बोलतात. नाग्याच्या मनात जे चाललं आहे ते तो स्वतः कधीच नीट सांगू शकत नाही. ते ढोल सांगतो, कोरस सांगतो. पुढच्याच वर्षी, १९७८ साली, पटेलांनी पुलंचं ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणलं. १९७२ ते १९७८ या सहा वर्षांत त्यांनी गाण्याला कथनाचं काम करायला लावण्याचा जो प्रयोग केला, त्याचा पडद्यावरचा टप्पा म्हणजे ‘जैत रे जैत’. गाणं वेगळं काढून ऐकलं की हे काम दिसेनासं होतं. ‘नभ उतरू आलं’ आज पावसाचं गाणं म्हणून ऐकलं जातं. चित्रपटात ते चिंधीच्या अंगातून येतं, आणि तिच्या वाट्याला पुढे काय येणार आहे हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ते पहिल्यासारखं ऐकता येत नाही.

महानोर अजिंठ्याच्या डोंगराजवळचे, पळसखेडचे शेतकरी कवी. ‘रानातल्या कविता’ने (१९६७) त्यांचं नाव झालं होतं. कोकणच्या बाजूच्या ठाकरांसाठी त्यांनी गीतं लिहिली तेव्हा त्यांच्या रानाचे शब्द या रानात आले. शुद्धतेचा आग्रह धरणारा म्हणेल की ही ठाकरी बोली नव्हे. खरं आहे. चित्रपटाच्या इतर मर्यादाही सांगायला हव्यात. ठाकरांची गोष्ट सांगणारे सगळे बाहेरचे होते. लेखक तळेगावचा, दिग्दर्शक आणि नट पुण्या-मुंबईचे. जंगलखातं, वेठ, जमिनीचे वाद यांना इथे फारशी जागा मिळाली नाही. निसर्गाच्या प्रेमात पडलेली नजर कधी कधी वाडीतली उपासमार पाहायची विसरते. एखादा ठाकर दिग्दर्शक उद्या हीच गोष्ट सांगायला बसला तर तो बऱ्याच गोष्टी वेगळ्या करील, आणि त्याने त्या कराव्यातच. पण माणसाच्या आतल्या प्रश्नाला जी प्रतिष्ठा या चित्रपटाने दिली तिच्यापाशी तोही थांबेल, असं वाटतं.

त्या वर्षी मराठी प्रेक्षक काय पाहत होता हेही ध्यानात घ्यावं. दादा कोंडके यांची घोडदौड जोरात होती. ‘राम राम गंगाराम’ १९७७ चाच. व्ही. शांताराम यांचा, चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कथेवरचा ‘चानी’ही त्याच वर्षी आला. एकीकडे तुडुंब चालणारा विनोद आणि दुसरीकडे एक म्हातारा होत चाललेला महान दिग्दर्शक खानोलकरांच्या अंधाऱ्या जगाशी झुंजतो आहे. आणीबाणी नुकतीच उठली होती. अशा गलबल्यात एक ढोलवाला पुण्याचा अर्थ विचारत उभा राहिला, आणि लोकांनी त्याचा ढोल तेवढा ऐकला.

कर्जत-खालापूर आज चित्रपटवाल्यांना परकं नाही. चौक ते कर्जत रस्त्यावर कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली मोठा स्टुडिओ उभारला. किल्ले, महाल, बाजारपेठा तिथे बांधल्या गेल्या. ‘जोधा अकबर’सारख्या चित्रपटाचं चित्रीकरण तिथे झालं. त्याच चौक गावातून इर्शाळगडाची वाट निघते. गडाच्या खांद्यावर इर्शाळवाडी होती, ठाकरांची. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा वाडीवर आला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. रस्ता नसल्यामुळे यंत्रं वर नेता आली नव्हती. माणसांनी हातांनी चिखल उपसला.

पुढच्या काही दिवसांत नितीन देसाई गेले, २ ऑगस्टला. दुसऱ्या दिवशी महानोर गेले. महानोरांना श्रद्धांजली म्हणून सगळीकडे ‘जैत रे जैत’ची गाणी वाजली. चौक गावाच्या वरचा चिखल तेव्हा अजून ओला होता. गाणी वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या गाण्यांतली माणसं आणि त्या चिखलाखालची माणसं एकाच जमातीची आहेत हे जाणवलं असेल? इर्शाळवाडीच्या बातम्यांत ठाकर समाज आकड्यांत दिसला, मदतीच्या रांगेत दिसला, पुनर्वसनाच्या घरांच्या चावीवाटपात दिसला. ज्या डोंगराला आपण देव मानलं त्याने हे का केलं, हा प्रश्न तिथल्या वाचलेल्या माणसांच्या मनात उठला असेल तर तो विचारायला कॅमेऱ्यांकडे वेळ नव्हता. त्याच्या सेहेचाळीस वर्षं आधी एका चित्रपटाने तो वेळ काढला होता. दुर्घटनेची चाहूल चित्रपटाला आधी लागली होती असं म्हणणं हा मेलेल्यांचा अपमान ठरेल. म्हणायचं एवढंच आहे की ठाकर माणूस विचार करतो, देवाशी भांडतो, हरलेल्या विजयाचं ओझं वाहतो, हे पाहायची सवय आपल्याला लागली असती तर त्याच्या वाडीला रस्ता का नाही हा प्रश्नही आपल्याला आधी पडला असता.

म्हणून काही मागणी करावीशी वाटते, आणि ती अगदी साधी आहे. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जुन्या चित्रपटांच्या जतनाची राष्ट्रीय योजनाही आहे. ‘जैत रे जैत’ची स्वच्छ, मूळ लांबीची, नीट आवाजाची प्रत सर्वांना सहज पाहता यावी. ती झाली की तिचा पहिला खेळ मुंबईच्या महोत्सवात करू नये. तो चौकला करावा, कशेळ्याला करावा, कर्जत-खालापूरच्या आश्रमशाळांच्या पटांगणात पडदा बांधून करावा. खेळानंतर मुलांना आणि म्हाताऱ्यांना विचारावं की यात काय बरोबर दाखवलं आणि काय चुकलं. त्यांची उत्तरं लिहून ठेवावीत. या चित्रपटावरची सर्वांत महत्त्वाची समीक्षा अजून लिहायची राहिली आहे आणि ती त्यांच्याकडूनच येणार आहे. चित्रपट मंडळं चालवणाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि या भागात काम करणाऱ्या संस्थांनी एवढं मनावर घ्यावं.

वाचकांना एक विनंती. गाणी पाठ असतील तर तीच पुन्हा शोधून ऐकू नका. एखाद्या रात्री चित्रपट सुरुवातीपासून लावा, गाण्यांवर उडी मारत पुढे जाऊ नका, आणि नाग्याचा डोळा गेल्यानंतरचा भाग विशेष लक्ष देऊन पाहा. एका बैठकीत तो पाहून होतो.